मोठ्यानं वाच

आमच्या घरी वाल सोलायला बसलं की इंग्रजीचा दरबार भरायचा. वालाचा आणि इंग्रजीचा संबंध काय, असं नव्यानं येणाऱ्याला वाटायचं. आम्हाला मात्र त्यात काही वेगळं आहे हे बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं. मोड आलेले वाल आई रविवारी सकाळी कोमट पाण्यात टाकायची. ते पातेलं घेऊन कुसुमआत्या गॅलरीच्या दाराशी पाटावर बसायची आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर चाळीतलं कुणी ना कुणी हातात कागद घेऊन येऊन बसायचं. कुणाचा रजेचा अर्ज, कुणाचं नोकरीसाठीचं पत्र, कुणाच्या मुलाचा शाळेतला निबंध. इंग्रजी वाक्य 'कुसुमताईंच्या पुढ्यातून' गेल्याशिवाय पाकिटात घालायचं नाही, असा आमच्या वाडीत रिवाजच पडून गेला होता. आत्या तो कागद कधीच हातात घ्यायची नाही. "माझे हात ओले आहेत," म्हणायची, "तूच वाच. मोठ्यानं वाच."

समोरचा वाचू लागे आणि आत्या सोलू लागे. वालाला अंगठ्यानं आणि तर्जनीनं हलका चिमटा काढला की साल बोटांत राहते आणि डाळिंबी टुणकन बाहेर पडते. त्याला बघावं लागत नाही. वाक्य सरळ असलं की डाळिंब्या परातीत पडत राहायच्या. वाक्यात कुठे बिघडलं की आत्याचा हात थांबायचा. बस्स, एवढाच निकाल. वाचणाऱ्याला कळायचं की आपण इथे घसरलो. मग आत्या तोंडानं सांगायची, आणि तिचे शेरे ठरलेले होते. एक, "हे चुकलं." दुसरा, "बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही." आणि तिसरा, जो लोकांना सगळ्यात जास्त झोंबायचा, "हे दोघांना दोन सांगेल." व्याकरणाचा नियम वगैरे तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. कर्ता, कर्म, काळ हे शब्द आमच्या घरात नानांच्या मालकीचे होते.

नाना म्हणजे माझे वडील, आत्याचे धाकटे भाऊ. एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते, हाताखाली माणसं होती, पण आत्या त्यांना चारचौघांत 'बाळ' म्हणायची आणि त्याला काही इलाज नव्हता. नानांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं. "विथ रेफरन्स टू" नं सुरू झालं नाही तर त्यांना पत्राला पत्र म्हणवत नसे. एकदा ते आजीच्या वर्षश्राद्धाबद्दल डोंबिवलीच्या मेहुण्यांना इंग्रजीत कळवत होते. आत्याचा हात पहिल्याच ओळीला थांबला. "बाळ, बरोबर आहे. पण मेहुण्याला सांगतोयस की कस्टमवाल्यांना?" आई स्वयंपाकघरातून हसली. नाना म्हणाले, "ताई, तुला नियम माहीत नाहीत," आणि मग गुपचूप ती ओळ बदलली. आई नणंदेला 'वन्सं' म्हणे आणि इंग्रजीच्या भानगडीत कधी पडत नसे. पण वन्संचा हात थांबला की तिचाही विळीवरचा हात क्षणभर थांबायचा, हे मी पाहिलेलं आहे.

शेजारचे सावंतकाका लोअर परळच्या गिरणीत टाइमकीपर होते. त्यांच्या भावाला साहेबानं कामावरून घरी बसवलं होतं, म्हणून त्यांनी मोठा तक्रारअर्ज लिहून आणला. सावंतकाका खर्जात वाचत होते: "व्हेन माय ब्रदर मेट द मॅनेजर, ही वॉज व्हेरी अँग्री." आत्याचा हात थांबला.

"सावंत, कोण चिडलं? भाऊ की मॅनेजर?"

सावंतकाका गडबडले. "दोघं पण चिडले ना ताई! थंयच तर सगळो घोळ झालो."

त्या दिवशी सगळी गॅलरी हसत होती, सावंतकाका सर्वांत जास्त. शेवटी अर्जात मॅनेजर एकटाच चिडला आणि भाऊ नम्रपणे उभा राहिला. भाऊ पुन्हा कामावर लागला. अर्जामुळे लागला की युनियनमुळे, देव जाणे; पण काकूंनी घावनं आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आत्यासाठी डब्यातून पाठवलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते संपवलं.

आवाजाबद्दल सांगायला हवं. आमच्या खालीच छापखाना होता. लग्नपत्रिका छापायचे, आणि लग्नसराईत तो रविवारीही धडधडत असे. त्या खटाक-खटाकवर आवाज चढवून बोलायची आमच्या मजल्याला इतकी सवय होती की आम्ही लग्नाकार्याला बाहेर कुठे गेलो तरी लोक वळून बघायचे. त्यामुळे आत्याच्या 'मोठ्यानं वाच' मध्ये कुणाला काही खटकलं नाही. प्रेस चालू आहे, मोठ्यानं वाचायलाच हवं. आत्या फोर्टमध्ये सॉलिसिटरांच्या कचेरीत टायपिस्ट होती. आधी साहेबांचं डिक्टेशन घ्यायची. मग काही वर्षांनी ते सोडून हातानं लिहिलेले मसुदे टाइप करण्याचं काम तिनं घेतलं. "बढती झाली," असं तिनं घरी सांगितलं होतं आणि आईनं त्याचे पेढेही वाटले होते.

मी बी.ए. झाले त्या वर्षी नानांनी त्यांच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. टायपिस्टची जागा, पक्की. मला ती नको होती, पण नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. ते कारण अचानक कॉलेजच्या नोटीसबोर्डावर मिळालं. शाळांसाठी इंग्रजीची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाला मदतनीस हवी होती. काम काय, तर पुस्तकात जाणारी वाक्यं तपासायची: बरोबर आहे का, सहज वाटतं का, एकाच अर्थाचं आहे का. मी ते तीनदा वाचलं. आमच्या घरात वालाबरोबर जो खेळ चालतो, त्याचा कुणी पगार देतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी धावत घरी आले. नाना म्हणाले, "परीक्षा देऊन बघ. पण माझ्या साहेबांना मी फार दिवस थांबवू शकत नाही, मंदे. ह्यात नाही झालं तर निमूट माझ्याबरोबर यायचं." मी कबूल झाले. आत्या नुसती हसली आणि म्हणाली, "स्टूल आण."

त्या दिवसांइतकी मी नंतर कशासाठी तयारी केली नाही, लग्नाचीही नाही. रोज संध्याकाळी आत्या कचेरीतून आली, चहा झाला, की मी जुन्या क्रमिक पुस्तकांतून, वर्तमानपत्रातून, डब्यावरच्या लेबलांतून वाक्यं काढून वाचायची. काही मुद्दाम मोडून आणायची. वाल रोज नसायचे. मग ती कधी शेंगदाणे सोलायची, कधी लसूण, कधी नुसतीच पदराच्या काठाशी बोटं चाळवायची. पण हात थांबायचा तो बरोबर तिथेच. मला वाटायचं, हिच्या कानात काहीतरी दैवी आहे. मला तो कान हवा होता. रात्री पडल्या पडल्या मी वाक्यं मनाशी म्हणून बघायची आणि मला काहीच ऐकू यायचं नाही. सगळीच बरोबर वाटायची, आणि जास्त वेळ म्हटली की सगळीच चूक. परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा माझा धीर सुटत चालला होता.

त्याच आठवड्यात चाळीत डोळ्यांची साथ आली. एकेकाचे डोळे लाल होत होते आणि आत्याचेही आले. आईनं तिला आतल्या खोलीत खाटेवर निजवलं, डोळ्यांवर गुलाबपाण्यात भिजवलेल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, आणि मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी केली. मला आत्याचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त माझ्या परीक्षेचं वाटलं. मी उंबऱ्याबाहेर स्टूल ठेवलं. "आत्या, मी इथून वाचते. तू नुसतं ऐक." आईनं तिच्या हाताशी वालाचं ताट दिलं, म्हणजे तिचा वेळ जाईल.

मी वाचत होते. डाळिंब्या पडत होत्या. एक वाक्य, दुसरं, पाचवं. हात थांबेना. मी मुद्दाम वाकडं केलेलं वाक्य वाचलं. टुण, टुण, टुण. मी सावंतकाकांचं ते जुनं वाक्य म्हटलं, मॅनेजर आणि भावाचं, ज्यावर सगळी गॅलरी हसली होती. हात चालूच. "मोठ्यानं वाच गं," आत्या म्हणाली, आणि मग माझ्या लक्षात आलं की खाली अगदी शांत आहे. छापखान्याच्या मालकाकडे काही सुतक होतं, प्रेस सकाळपासून बंद होती. वाडीतल्या नळावर कुणीतरी कळशी ठेवल्याचासुद्धा आवाज येत होता. मी वाचायचं सोडून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आत्या, मी आता वाचत नाहीये." डाळिंब्या पडत राहिल्या.

मला रडू आलं. ते कशाचं, हे तेव्हा सांगता आलं नसतं. मी बंदी मोडून आत गेले आणि खाटेच्या कडेला बसले. माझं वजन जाणवून तिनं कापूस बाजूला केला. लाल, सुजलेल्या डोळ्यांनी तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि एका नजरेत तिला सगळं समजलं.

"कळलं होय," ती म्हणाली. "अगदीच ऐकू येत नाही असं नाही हं. आवाज येतो. शब्द येत नाहीत."

"कधीपासून?" मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं.

"बढती झाली तेव्हापासून," ती म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. मला हसू येईना.

"मग इतकी वर्षं सगळ्यांची वाक्यं? नानांची? माझी?"

"मंदे, वाक्य ऐकायला कशाला लागतं? वाचणारा समोर बसलेला असतो ना, शब्द ओठांवर दिसतात." तिनं उठून बसायचा प्रयत्न केला, मी पाठीशी उशी दिली. "चुकलं असलं की त्याच्या भुवया आधी हलतात. त्याला स्वतःला पत्ता नसतो, पण भुवयांना असतो. बरोबर असून बोलण्यातलं नसलं की माणूस ताठ बसतो, शाळेत कविता म्हणायला उभा केल्यासारखा. आणि दोन अर्थ असले की एका सुरात निघतो, शेवटाला येतो आणि डोळे पुन्हा मागे जातात, काही विसरलं का बघायला. सावंत बघितला नाहीस? तो तर मानसुद्धा मागे वळवतो."

"म्हणजे तुला इंग्रजी..."

"मला इंग्रजी येतं, चांगलं येतं," ती जरा तोऱ्यातच म्हणाली. "पण माझं एकटीचं किती? ह्या सगळ्यांना त्यांचं त्यांना कळत असतं. शाळा, कचेरी, कोर्ट, सिनेमा, कुठून कुठून ऐकून कान तयार झालेला असतो. विश्वास नसतो. मी हात थांबवते, त्यांना विश्वास बसतो. आता बाहेर जा, तुझे डोळे आले तर परीक्षा कशी देशील?"

कुणाला सांगू नकोस, असं ती म्हणाली नाही. मीही, नाही सांगणार, असं म्हटलं नाही. पण त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "झाला का अभ्यास?" तेव्हा मी "झाला" म्हटलं, आणि मला जाणवलं की मी खरं बोलले आहे.

परीक्षा चर्चगेटच्या बाजूला एका जुन्या इमारतीत होती. उंच छत, पंखा, आणि इतकी शांतता की पेन खाली ठेवलं तर सगळे बघतील. पुढ्यात वाक्यांचे कागद, प्रत्येकासमोर खूण करायची. पहिल्या पानावर माझं डोकं पुन्हा तसंच झालं: सगळं बरोबर, सगळं चूक. मोठ्यानं वाचायची सोय नव्हती. मग मी डोळे मिटले आणि आमचं स्टूल आठवलं. पहिलं वाक्य मी सावंतकाकांना दिलं. त्यांनी खर्जात वाचलं आणि ते सरळ गेले. दुसरं नानांना, नाना ताठ बसले. तिसरं वाचायला वरच्या मजल्यावरची बेबी बोलावली, तिच्या भुवया हलल्या. इतक्या रविवारी मी आत्याच्या शेजारी बसून हे सगळे चेहरे पाहिले होते. बघते आहे हे मला ठाऊक नव्हतं एवढंच. एक एक करून सगळी चाळ मी त्या स्टुलावर बसवली. डावा हात मांडीवर होता आणि बोटं वाल सोलत होती. शेजारचा मुलगा माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत होता, पण मला इतकी मजा येत होती की मी त्याची पर्वा केली नाही.

दोन दिवसांनी मुलाखतीला बोलावलं. मोठ्या टेबलामागे पिकलेल्या केसांच्या, काळ्या फ्रेमच्या चष्म्याच्या एक पारशी बाई होत्या; पुस्तकं त्यांच्याच हाताखाली निघत. बोलणं इंग्रजीत झालं, मी इथे मराठीत देते. त्यांनी माझा कागद काढला, एका खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाकी ठीक आहे. पण हे वाक्य आमच्या पुस्तकात कितीतरी वर्षं आहे. तू ह्याच्यापुढे लिहिलंस की बरोबर आहे, पण असं कुणी बोलत नाही. का? नियम सांग."

माझ्याकडे नियम नव्हता. नानांनी शिकवलेले सगळे नियम त्या क्षणी कुठे गेले कोण जाणे. मला नानांचे साहेब दिसले, त्यांच्या ऑफिसातला टाइपरायटर दिसला, रोज नानांच्या मागून चालत जाणारी मी दिसले. आणि माझ्या तोंडून गेलं, "मॅडम, तुम्ही ते मोठ्यानं वाचाल का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग कागद उचलला. नेमका तेव्हाच शिपाई त्यांचा चहा ठेवून गेला होता, आणि वाक्य होतं, "बाय हूम वॉज धिस टी मेड?" बाई वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांची पाठ खुर्चीपासून सुटली, मान उंच झाली, हनुवटी वर गेली. माझा मांडीवरचा हात थांबला. त्यांनी वाक्य संपवलं, स्वतःच्या त्या ताठ पाठीची त्यांना जाणीव झाली, आणि त्या खळखळून हसल्या. मग कपातला एक घोट घेऊन दाराकडे ओरडल्या, "हू मेड धिस टी?" शिपाई बाहेरून धास्तावून आत आला. "काही नाही, चांगला झालाय," त्या त्याला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "सोमवारपासून ये." ते वाक्य पुढच्या आवृत्तीत नव्हतं.

मी घरी आले तेव्हा आत्या गॅलरीत बसली होती, डोळे बरे झाले होते. मी तिला ओरडून काही सांगितलं नाही. नुसती समोरच्या स्टुलावर बसले आणि तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "लागली," ती आत वळून आईला म्हणाली, "शिरा कर." नाना मागाहून घरी आले, त्यांना शिऱ्याच्या वासावरून कळलं. ते आधी जरा हिरमुसले, मग दोनदा शिरा घेतला आणि सबंध मजल्यावर सांगत फिरले, नियमांचा पाया मीच घातला म्हणून. पुढे आत्या रिटायर होईपर्यंत आणि नंतरही दरबार चालू राहिला. मी एवढंच केलं: स्टूल थोडं सरकवून असं ठेवलं की बसणाऱ्याच्या तोंडावर गॅलरीतला उजेड पडावा. कुणी विचारलं नाही का. आत्यानंही विचारलं नाही. पहिल्या रविवारी तिनं नुसता माझ्या गुडघ्यावर ओला हात टेकला.

आता चाळ नाही, तिच्या जागी आमचा टॉवर आहे आणि मी अकराव्या मजल्यावर राहते. माझी नात रुचा लोअर परळला काचेच्या इमारतीत कामाला आहे, सावंतकाकांची गिरणी होती त्याच आवारात. तिचं काम तिनं मला समजावलं तेव्हा मी हसत सुटले. संगणक वाक्यं तयार करतो आणि ह्या मुली ती तपासतात: बरोबर आहे का, सहज वाटतं का, एकाच अर्थाचं आहे का. "आजी, दिवसभर स्क्रीनवर बघून मला सगळीच बरोबर वाटायला लागतात," ती वैतागून म्हणाली. तेव्हापासून रविवारी ती लॅपटॉप घेऊन येते. आई वापरायची ती परात अजून माझ्याकडे आहे. डाळिंब्यांची उसळ तिला आवडते, गूळ-आमसूल घातलेली, वर ओलं खोबरं. ती वाचते, मी सोलते. मी तिला कारण न देता एवढंच सांगून ठेवलं आहे, "मोठ्यानं वाच."

गेल्या रविवारी ती सोफ्यावर बसून वाचत होती. दोन-तीन वाक्यं झाल्यावर मधेच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सोलतच होते, डाळिंब्या पडत राहिल्या. ती लॅपटॉप काखेत मारून उठली, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, ते खिडकीसमोर ठेवलं, थोडं सरकवून पाहिलं, पुन्हा सरकवलं, आणि माझ्यासमोर बसली. तिच्या तोंडावर उजेड आला. मग तिनं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.